तर्री, गोळी अन् घरातले सगळे डॉक्टर

मांजराला गोळी द्यायची असेल तर पहिले घरातली माणसं कमी करा. हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत. व्हिडिओत एक शांत बाई असते, तिच्याहून शांत मांजर असतं, बाई तोंड उघडते, गोळी टाकते, मांजर जीभ फिरवते, झालं. आमच्याकडे मी, नवरा, सासूबाई, वरच्या मजल्यावरच्या काकू, काकूंचा नातू ज्याला "मले पाहू द्या न" याशिवाय दुसरं काही बोलायचं नसतं, अन् या सगळ्यांच्या मधात तर्री, ज्याला इथून फक्त बाहेर जायचं असतं. पाच जण वाकून पाहून राहिले म्हटल्यावर कोण तोंड उघडेल? मी तर दातांच्या डॉक्टरकडे पण उघडत नाही नीट.

तर्री आमचा बोका. पोह्यावरच्या तर्रीचा रंग म्हणून तर्री. नावावरून लोक बाई समजतात, पण नारिंगी मांजरांत बोकेच जास्त असतात, त्या रंगाची जीन एक्स क्रोमोझोमवर असते म्हणून. वजन भरपूर आहे, स्वभाव त्याहून.

तर पोळ्याच्या सुमारास साहेबांना सर्दी झाली. नागपूरचा तो ऑगस्ट तुम्हाला माहीतच आहे, पाऊस पडला की दमट, थांबला की उकाडा, कूलर लावला तर चिकचिक अन् बंद केला तर घाम. शिंका सुरू झाल्या, डोळ्यातून पाणी, नाकाला चिकट खपली, अन् जो माणूस (माणूसच म्हणते मी) चिकनच्या पिशवीचा आवाज ऐकून तिसऱ्या घरातून धावत येतो तो वाटीकडे ढुंकून पाहीना. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी टीव्हीवर मारबतीची, म्हणजे गावची रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक चालू होती, सासूबाईंनी त्याच्या अंगावरून हात फिरवला अन् म्हणाल्या, "तर्रीचं सर्दी-पडसं घेऊन जा गे मारबत." काळी मारबत गेली, पिवळी गेली, बडगे गेले, शिंका मात्र इथेच.

मग डॉक्टर. "ढोराच्या डॉक्टरकडे मांजर नेतेत का वं?" असं सासूबाईंनी विचारलं, पण शबनमसारखी मोठी पिशवी त्यांनीच शोधून दिली, बास्केटचं दार तुटलेलं होतं म्हणून. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज १९५८ पासून आहे, तेव्हा या शहराला ढोराचे डॉक्टर काही नवीन नाहीत, पण मांजर घेऊन ऑटोत बसलं की ऑटोवाला अजूनही आरशातून तुमच्याकडेच पाहतो. आम्ही घराजवळच्या डॉक्टरांकडेच जातो. त्यांनी तपासलं अन् सांगितलं की मांजरांची ही सर्दी बहुतेक वेळा हर्पीस नाहीतर कॅलिसी व्हायरसची असते, माणसाला लागत नाही, व्हायरसला अँटिबायोटिक चालत नाही, पण वरून बॅक्टेरिया बसले की नाक असं चिकट होतं, त्याच्यासाठी डॉक्सीसायक्लिन. गोळी.

गोळी म्हटल्यावर मी अन् नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं.

अन् इथे डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती या अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात कामाची आहे, बाकी नाही वाचलं तरी चालेल. मांजराला कोरडी गोळी गिळवून सोडून देऊ नका. आपण गोळी घेतली की घटाघट पाणी पितो, मांजर पीत नाही, अन् त्याच्या अन्ननलिकेत गोळी बऱ्याच वेळा अर्ध्यातच अडकून राहते. बाकी गोळ्यांचं एक वेळ ठीक आहे, डॉक्सीसायक्लिन तिथे बसली की आतून जळतं, जखम होते, मग ती जखम भरताना नळी आक्रसते अन् मांजराला पुढे घास गिळता येत नाही. म्हणजे सर्दीचं औषध द्यायला गेलो अन् जन्माचं दुखणं करून बसलो. म्हणून गोळीच्या मागून लगेच सिरिंजनं पाच-सहा एमएल पाणी, हळूहळू, किंवा लगेच थोडं खाणं. पाणीच. दूध नाही. हे दूध नाही वालं प्रकरण पुढे येतंच आहे.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तोच आला, खाण्यात लपवू. इंटरनेटवर पण सगळे हेच सांगतात. पण सर्दी झालेल्या मांजराचा घोळ असा की मांजर चवीवर कमी अन् वासावर जास्त खातं, नाक बंद म्हणजे त्याच्या हिशोबानं वाटीत काहीच नाही. जे जेवतच नाही त्याच्या जेवणात काय लपवता बाप्पा? त्यामुळे आधी नाक. कोमट पाण्यात कापूस भिजवून खपली पुसायची, बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून त्याला घेऊन वाफेत बसायचं दहा मिनिटं, अन् चिकन उकडून कोमट असतानाच पुढे ठेवायचं, कोमट झालं की वास वर येतो. चिकन नुसतं, मीठ नाही, मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबातच नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, तेव्हा सावजीचा रस्सा कितीही प्रेमानं उरवला असला तरी तो तुम्हीच संपवा. वाफेत नीलगिरीचं तेल, कापूर, छातीला लावायचा बाम हे पण काही नको, मांजराला हे सगळं विष आहे, ते अंगावरचं चाटून पोटात घेतं. नवरा बामची डबी घेऊन आलाच होता. "थोडासा?" थोडासा पण नाही.

वाफ अन् कोमट चिकन, थोडं खायला लागला. आता लपवाछपवी. पहिल्यांदा चिकनच्या तुकड्यात गोळी खोचून दिली, त्यानं चिकन खाल्लं अन् गोळी स्वच्छ चाटून फरशीवर ठेवली. ठेवली म्हणते मी, थुंकली नाही, अगदी ठेवली. मग ती ट्यूबमधली क्रीमी ट्रीट असते न, महाग असते पण आजारपणात हिशोब करत नाही कोणी, त्यात गोळीचा तुकडा. इथे एक युक्ती चालते, पहिली ट्रीट साधी द्यायची, दुसरीत औषध, अन् तिसरी बोटावर घेऊन त्याच्या नाकासमोर आधीच तयार ठेवायची, म्हणजे तिसरीच्या घाईत दुसरी न चावता गिळतो. चालली पण. काही दिवस. मग एकदा दुसरी दाताखाली आली, कडू लागली, अन् त्यानंतर ती ट्रीटसुद्धा संशयित.

म्हणूनच अख्ख्या जेवणात औषध कालवू नका, कोणी कितीही सांगो. एक तर किती पोटात गेलं कळत नाही, दुसरं म्हणजे मांजराला एकदा वाटलं की वाटीतच दगाफटका आहे, तर ते वाटीच सोडतं. अन् लठ्ठ मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी लिव्हरवर चढते, ते सर्दीपेक्षा कितीतरी वाईट. आपल्याला वाटतं उपाशी राहील तर झक मारून खाईल. माणसाचं लेकरू खाईल. मांजर नाही खात.

सिरपचं पण सांगून टाकते, कारण काकूंचं म्हणणं होतं की "लहान लेकरांचं स्ट्रॉबेरीवालं औषध येते, ते द्या, गोड असते." मांजराला गोड कळतच नाही! त्यांची गोड चव ओळखणारी जीनच बिघडलेली आहे, २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं, घरच्या मांजरापासून वाघापर्यंत सगळ्यांची तीच गत. म्हणजे ताडोब्याच्या वाघाला पण गुलाबजाम फुकट आहे. कडू मात्र बरोबर कळतं. त्यामुळे स्ट्रॉबेरी फ्लेवर हा फक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी असतो, मांजराला तो नुसता चिकट अन् कडू.

अन् याच बोलण्यात काकूंनी पुढचं वाक्य टाकलं जे ऐकून मी जागची उठले. "नाही त मग आमच्या सोनूचं तापाचं औषध आहे, अर्धा चमचा द्या, अंगही गरम लागून राहिलं त्याचं." काकू मनानं सोन्यासारख्या आहेत, पण हे इथे ठळक लिहून ठेवते. पॅरासिटामॉल मांजराला द्यायचं नाही. कधीच नाही, थेंब नाही, चतकोर गोळी नाही. आपल्या लिव्हरमध्ये ते फोडून बाहेर काढायची जी सोय असते ती मांजरात जवळजवळ नसतेच, मग ते रक्तावर जातं, रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या चॉकलेटी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, अन् एका गोळीत मांजर जातं. आयबुप्रोफेन वगैरे आपल्या दुखण्याच्या गोळ्यांचं पण तसंच. बाकी अंग गरम लागण्याचं काय, मांजराचं नॉर्मलच १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, आपल्या हाताला ते कायमच तापलेलं लागणार.

सासूबाईंचा उपाय त्यामानानं गरीब होता, हळदीचं दूध. "लेकरायले देतो, त्याले काय होते?" तर होतं असं की मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब लागतात, अन् डॉक्सीसायक्लिन तर दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसते अन् अंगात कमी लागते, गोळीचा जोरच कमी होतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग मलेही ती गोळी देल्ती डॉक्टरनं तवा, मी त चहासंग घेतली." आता काय बोलावं.

तर शेवटी राहिला सरळ रस्ता, तोंड उघडून आत टाकणे. याला घाबरून आम्ही बाकी सगळं केलं, अन् खरं सांगू, हाच सगळ्यात कमी त्रासाचा निघाला. मांजर आपल्याशी दुश्मनी काढून राहिलं असं आपल्याला वाटतं, पण त्याला त्या कडू गोळीपेक्षा ती पंधरा मिनिटांची धरपकड जास्त नको असते, पलंगाखालून ओढणं, चार हात, "पकड पकड", "अरे शेपूट", टॉर्च. दहा सेकंदात झालं तर ते विसरतं पण. तर्री तर तिसऱ्या मिनिटाला परत मांडीवर असायचा.

तयारी सगळी आधी, दुसऱ्या खोलीत. पत्तीतून गोळी काढायचा तो चर्र आवाज यानं एकदा ओळखून ठेवला की मग हा सज्ज्यावर, कूलरच्या मागे, दिवाणच्या पेटीत, कुठेही. त्यामुळे सकाळीच गोळी काढून डबीत, पाण्याची सिरिंज भरून बाजूला (सुई नसलेली, मेडिकल स्टोअरमध्ये काही रुपयाला मिळते), गोळीला तुपाचं बोट लावलेलं म्हणजे सरकते अन् कडूपणा जिभेला पटकन लागत नाही. जागा जेवणाची नको अन् झोपायची पण नको. आम्ही वॉशिंग मशीनचं झाकण ठरवलं, वर टॉवेल टाकून, उंचीमुळे आपली कंबर पण वाचते. अन् तो लपून बसला असेल तर ओढून काढायचा नाही, थांबायचं, आपण होऊन येतो.

मग टॉवेलमध्ये सगळ्या बाजूंनी घडी घालून कोथिंबिरीच्या सांबारवडीसारखं पॅक करायचं, फक्त मुंडकं बाहेर, पुढचे पंजे आत गेले की नाही ते दोनदा पाहायचं. त्याचं तोंड आपल्याकडे नको, पाठ आपल्या पोटाला. डाव्या हातानं डोकं वरून धरायचं, अंगठा एका गालाच्या हाडावर, बोटं दुसऱ्या, मिशा दाबायच्या नाहीत, अन् नाक छताकडे करायचं. नाक वर गेलं की खालचा जबडा आपोआप थोडा सैल पडतो. उजव्या हाताचं मधलं बोट खालच्या पुढच्या बारक्या दातांवर ठेवून जबडा खाली, अन् अंगठा-तर्जनीतली गोळी जिभेच्या मधोमध, जितकी मागे जाईल तितकी मागे. जिभेच्या शेंड्यावर पडली तर परत बाहेर येणार, बाजूला पडली तर गालात लपवून दहा मिनिटांनी गालिच्यावर टाकणार. तोंड मिटवायचं, डोकं सरळ करायचं, गळ्यावरून हळूच बोट फिरवायचं, नाही गिळलं तर नाकावर एक बारीक फुंकर. त्यानं नाक चाटलं की समजायचं गेली. मग सिरिंज.

सिरिंजला मात्र उलटं, डोकं वर करायचं नाही. गोळीला वर अन् पाण्याला सरळ, हे नवऱ्याच्या डोक्यात बसेपर्यंत माझं डोकं वर झालं. पाणी किंवा सिरप देताना मान वर केली तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं अन् न्यूमोनिया होतो. सुळ्या दाताच्या मागून, गालाच्या खिशात टोक सारायचं, थोडं थोडं, त्याला गिळू द्यायचं, मग पुढचं. अन् लगेच काहीतरी त्याच्या आवडीचं. आमच्याकडे चिकनचं कोमट पाणी चालतं.

एवढं सगळं बरोबर करून पण एकदा गोळी तोंडात फुटली. अन् फुटली ती पण काकू दारात उभ्या असताना. कडू औषध मांजराच्या जिभेला लागलं की ते लाळ गाळतं, लाळ म्हणजे नुसती लाळ नाही, पांढरा फेस, साबणाचा असतो तसा, दोन्ही बाजूंनी, मान झटकतं, फेस भिंतीवर. काकू ओरडल्या, "अगं बाई, पिसाळला!" नातू पळत खाली जाऊन सगळ्या बिल्डिंगला सांगून आला. सासूबाईंनी त्याही अवस्थेत मीठ-मोहरी काढली. नवऱ्यानं मला विचारलं, "हे नॉर्मल आहे न?" अन् मी एकदम डॉक्टरच्या आवाजात हाव म्हटलं, पण मोबाईल हातात घेऊनच बसले होते. नॉर्मलच असतं. दोन-चार मिनिटात थांबतं, पाणी दाखवायचं, चाटू द्यायचं. जुलाबासाठी देतात ती मेट्रोनिडॅझोल तर या बाबतीत सगळ्यांची आजी आहे म्हणे, तिला फेस ठरलेलाच. असं रोजच होत असेल तर रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूल मिळतात, त्यात गोळीचा तुकडा घालून देता येतो, पण आधी डॉक्टरला विचारून, काही गोळ्या तोडायच्या नसतातच. अन् फेसाबरोबर श्वास लागला, खोकला थांबेना, किंवा तोंडाला सूज आली तर ते नॉर्मल नाही, उचला अन् न्या.

डॉक्टरला विचारायचंच आहे तर हेही विचारा की हेच औषध दुसऱ्या रूपात येतं का. आपण लाजतो. कागद घेतो, हो हो म्हणतो अन् घरी येऊन रडतो. कधी पातळ औषध असतं, कधी इंजेक्शन असतं, थायरॉइडच्या मांजरांना तर कानाच्या आतल्या कातडीला चोळायचं जेल पण देतात. आम्हाला गोळीच ठीक होती, पण दिवसातून दोनदा ऐवजी एकदा चालेल का असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले चालेल अन् डोस तसा बसवून दिला, अर्धी भांडणं तिथेच मिटली. स्वतःच्या मनानं नका करू हे.

ओरखडे पडतात. बोक्याला रेबीजचं इंजेक्शन दिलेलं असलं तरी ओरखडा साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा अन् आपल्या डॉक्टरला दाखवायचा, हळद भरून बसायचं नाही. नवऱ्याच्या हाताकडे पाहून ऑफिसमध्ये कोणीतरी विचारलं घरी सगळं ठीक आहे न. तो म्हणे मांजर आहे. समोरचा म्हणे हाव, हाव, मांजरच असतं.

चार-पाच दिवसांत तर्री चिकनच्या पिशवीला ओळखायला लागला होता, म्हणजे बरा झालाच, पण कोर्स पूर्ण करायचा म्हणून बरा झालेल्या, अंगात ताकद आलेल्या मांजराला गोळ्या द्यायच्या हा वेगळाच प्रकार. आजारी होता तेव्हा निदान जोर नव्हता. पण तोपर्यंत ठरून गेलं होतं, मशीनचं झाकण, टॉवेल, मी एकटी, बाथरूमचं दार बंद, बाकी जनता हॉलमध्ये. दार उघडलं की सासूबाई विचारायच्या, "गेली का?" अन् मी हाव म्हटलं की त्या त्याला चिकनचा तुकडा द्यायच्या. ज्या माणसानं घरात मांजर नको म्हणून आठवडाभर अबोला धरला होता तो माणूस आता फ्रीजमध्ये उकडलेल्या चिकनची वेगळी डबी ठेवतो अन् कोणी हात लावला तर विचारतो, "काऊन, तुले सर्दी झाली का?"

आता जंताच्या औषधाची तारीख आली आहे. ते मानेच्या मागच्या बाजूला कातडीवर टाकायच्या थेंबात पण येतं असं ऐकलं म्हणून मी खुश, डॉक्टरांना विचारून तेच आणणार. पण त्याच्यात एक पाहायचं, कुत्र्याचं पिसवांचं औषध उरलंय म्हणून मांजराला टाकू नका, काहींमध्ये परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं अन् मांजराला झटके येतात, जीव जातो. डबीवर मांजराचं चित्र पाहिजे अन् वजनाचा आकडा आपल्या मांजराचा पाहिजे. तर्रीचं वजन करायचं बाकी आहे. वजनकाट्यावर तो बसत नाही म्हणून त्याला कडेवर घेऊन मी उभी राहते अन् माझं वजन वजा करते, अन् ते करताना काकूंचा नातू आकडा मोठ्यानं वाचतो, म्हणून त्याला आधी खाली खेळायला पाठवावं लागते.